दोर कोन ओढन?

खराद शिकायला काय काय लागतं, असं आमच्या घरमालकांना विचारायला येणाऱ्या माणसाची मला आधीच कीव यायची. बिचारा फाटकातून आत शिरायचा तेव्हा त्याच्या डोक्यात दोन-चार पटाश्या आणि फार तर एखादं यंत्र एवढंच असायचं. बाहेर पडायचा तो चेहरा पाडून. मधल्या वेळात काय घडायचं ते मी ओसरीवर तांदूळ निवडत पुष्कळदा पाहिलं आहे. आज इतक्या वर्षांनी मला ते पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून पाहावंसं वाटतं.

ही चंद्रपूरकडच्या राजुऱ्याची गोष्ट, ऐंशीच्या दशकातली. मी नाशिककडची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिकडे जाऊन पडले होते. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरात ओसरीलगतची खोली मी भाड्यानं घेतली. अख्खं गाव त्यांना भाऊ म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला बाई, म्हणून मीही तेच म्हणू लागले. भाऊ मला 'टेलिफोनबाई' म्हणायचे, आणि ते इतक्या गंभीरपणे, की जणू मी जन्मले तेव्हा बारशाला हेच नाव ठेवलं होतं.

खराद म्हणजे लाकूड फिरतं ठेवून त्याला गोल आकार देण्याचं साधन. लाटणी, रव्या, बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे सगळे त्यावर होतात. भाऊंची खराद अगदी जुन्या पद्धतीची होती. जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्या लोखंडी टोकांमध्ये अडकवलेलं लाकूड, आणि लाकडाला वेढे दिलेला दोर. समोर बसलेल्या माणसानं दोराची दोन्ही टोकं धरायची आणि ताक घुसळावं तसं आळीपाळीनं ओढायचं. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे फिरताना उचलायची. पटाशी भाऊंच्या हातात असायची आणि दोर बाईंच्या.

कामाला बसताना भाऊ डोक्यावर खाणीतलं हेल्मेट घालायचे. अंगात बनियन, खाली लुंगी आणि वर ते पिवळं हेल्मेट. रस्त्यानं जाणारी पोरंसोरं फिदीफिदी हसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लाकूड अन् कोळसा, दोघायचाई भरोसा नाई." खाणीत ते छताला लाकडाचे टेकू लावायच्या कामावर होते. तिथं लाकडाचा आवाज ऐकून जीव वाचवायचा असतो, असं ते सांगायचे. वरचं दगडी छत बसायला लागलं की टेकू आधी कुरकुरतो, आणि ती कुरकुर ज्याला ऐकू येत नाही तो घरी परतत नाही.

त्यांच्या पटाश्यांना नावं होती. गोल तोंडाची, ओबडधोबड लाकूड रगडून आकाराला आणणारी, ती 'मामा'. तिरकस तोंडाची, काम देखणं करणारी पण अंगावर कधी उलटेल याचा नेम नसलेली, ती 'आत्या'. आणि झालेली वस्तू शेवटी कापून लाकडापासून वेगळी करणारी बारीक पटाशी म्हणजे 'साळा'. "नवीन मानसाले हे तीन पुरतात," ते म्हणायचे. "बाकीचे सोयरे मंग हळूहळू येतातच."

आता तो नवशिक्या. भाऊ आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचे.

"हे काय लोंबून राह्यलं गळ्यात?"

"मफलर आहे जी."

"घरी ठेव. आंगठी काढ. मनगटातला धागा काढ. बाह्या वर कर. खरादीसमोर मानूस असा बसला पाह्यजे, का यम धराले आला तं त्याच्या हातात काई सापडू नाई."

मग त्यानं आणलेलं लाकूड. ते नेहमी सागवानच असायचं. जिकडेतिकडे सागाचं जंगल असल्यामुळे तिकडच्या माणसाला दुसरं लाकूड लाकूडच वाटत नाही. तो मोठ्या ऐटीत तुकडा पुढे करायचा. भाऊ त्याची ढलपी काढून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे. कुणी प्रसाद घेत असावं तसं ते दृश्य असायचं.

"असली सागवान आहे भाऊ."

"असली आहे म्हनूनच म्हनतो, घेऊन जाय. हे झाड तुह्या आज्याहून मोठं, अन् तू त्याच्यावर हात साफ करतं? शिवणीच्या झाडाचा तुकडा आन. ओला आन. पह्यले लाकडाचा सोभाव समजू दे."

पुढे धारेचा दगड. पटाशीच्या आधी दगड घ्यायचा, हा त्यांचा कायदा होता. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यातच जोर कमी आहे, म्हणून तो आणखी दाबतो. इथपर्यंत तो माणूस मुकाट्यानं माना डोलवत असायचा. मग भाऊ हेल्मेट मागे सरकवून शेवटचा प्रश्न टाकायचे.

"दोर कोन ओढन?"

कुणी म्हणायचा, एखादा मजूर लावीन. कुणी म्हणायचा, मोटर बसवीन. मोटरचं नाव निघालं की विषय संपला. "मंग मोटरलेच इचार. माह्याकडे काऊन आला?" आणि फाटकाकडे बोट.

मलाही शिकायचं होतं. एक्सचेंजमध्ये दिवसभर कानाला दुसऱ्यांची बोलणी, हाताला नुसत्या वायरी. हातानं काहीतरी घडवावं असं फार वाटायचं. मी विचारलं तेव्हा मलाही हेच सगळं ऐकावं लागलं. बांगड्या काढल्या, ओढणी खोलीत ठेवली, बाजाराच्या दिवशी शिवणीचा ओला तुकडा मिळवला. शेवटचा प्रश्न आला तशी मी म्हटलं, "बाई ओढतील की."

भाऊंनी हेल्मेट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, "इचारा त्यायले."

बाई तर तीन हातांवर, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिथूनच त्या मला म्हणाल्या, "सांगा त्या खराद्याले, ओढीन म्हनते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात नवरा-बायकोचा अबोला आहे. आणि तोही आजकालचा नाही, चांगला मुरलेला. त्यांची भांडणं नव्हती, आदळआपट नव्हती. फक्त एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. माझ्याआधी ही बोलणी शेजारच्या टेलरचाचांमार्फत व्हायची, कुणीच नसेल तर कोंबड्यांमार्फत. मी राहायला आले आणि त्यांची सोय झाली. दिवसभर सरकारचं एक्सचेंज, घरी आले की यांचं. "टेलिफोनबाई, चहा ठेवाले सांगा." "टेलिफोनबाई, साखर संपली म्हना." संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून दोघं वंदना मात्र एकत्र म्हणायचे, एका सुरात. वंदना संपली की पुन्हा शांत.

पण खरादीवर बसले की ते नवरा-बायको वेगळेच दिसायचे. भाऊंनी पटाशी टेकवायला आणि बाईंनी दोर खेचायला कुणी कुणाला खूण करत नसे. दांड्याची बारीक मान आली की बाईंची ओढ आपोआप हलकी व्हायची, जाड भाग आला की लांब. शेवटी फिरत्या लाकडावर भाऊ लाखेची कांडी दाबायचे, ती लाख बाईंच्या माहेराकडची, कुरखेड्याच्या जंगलातली. घासली जाऊन ती तापायची, वितळून लाकडावर पसरायची, आणि लाल रंग चढत जायचा. त्या वेळी बाईंच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी नंतर कुठल्याही बाईच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

एकदा एक्सचेंजमध्येच मला कुरखेड्याहून निरोप मिळाला की बाईंचा भाऊ फार आजारी आहे. घरी येऊन मी तो स्वयंपाकघरात बाईंना सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, हात धुतले आणि बाहेर येऊन खरादीवर बसल्या, कारण बाजेचा पाय अर्धा कातून राहिला होता. दोन-चार ओढी झाल्या नसतील, तोच भाऊंनी पटाशी उचलली.

"टेलिफोनबाई, कुरखेड्याले काय झालं?"

मी चकित झाले. कुरखेड्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. भाऊंनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन बाईंची पिशवी भरली, बाईंना घेऊन बसस्टँडवर गेले आणि स्वतःही त्याच बसमध्ये चढले. मी सोडायला गेले होते. बाई पुढच्या बाकावर बसल्या, भाऊ मागच्या. पूर्ण प्रवासात ते तसेच बसले असणार. भाऊ परत आल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, "दोरात येते ना सगळं. पोळी करपली तेई येते."

माझी शिकवणी चालू होती. माझं पहिलं लाटणं एका टोकाला बॅटीसारखं जाड आणि दुसऱ्या टोकाला लेखणीसारखं बारीक झालं. भाऊंनी ते हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, "हे पोळीसाठी नाई, नवऱ्यासाठी आहे. ठेवा जपून, कामी पडन." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. आणि माझ्या हातात 'आत्या' उलटायची तेव्हा लाकूड जागच्या जागी थांबलेलं असायचं. माझ्या बोटांना इजा झाली नाही ती बाईंच्या मुठींमुळे. त्या माझ्या मनगटाकडे पाहून ओढायच्या. असं कुणी आपल्याकडे सतत पाहत असणं किती मोठी गोष्ट आहे, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

मग त्या हिवाळ्यात बाईंचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. वेणी घालायला त्या मला बोलावू लागल्या, पण बाहेर कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद. खरादीवर त्या तशाच बसत राहिल्या, दात आवळून. आणि एके दिवशी, चांगलं काम चालू असताना, भाऊंनी पटाशी खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "टेलिफोनबाई, सांगून द्या. मले आता डोळ्यानं दिसत नाई. खराद बंद." खरादीवर त्यांनी पोतं टाकलं आणि वर दगड ठेवला.

बाईंनी ते खरं मानलं. त्यांनीच माझ्यामागे लकडा लावला, तेव्हा मी एक दिवस सुटी घेऊन भाऊंना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी डबा बांधून दिला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, या वयाला इतके चांगले डोळे फार थोड्यांचे असतात. मी भाऊंकडे पाहिलं तर ते भिंतीवरचं सगळ्यात खालच्या ओळीतलं बारीक अक्षर मनातल्या मनात वाचत होते.

परतताना बस वर्धा नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"तिचा खांदा गेला. वापसीच्या ओढीत समजते. मी थांब म्हनलं तं थांबन का ते? उलट हट्टानं ओढन. म्हनून म्हनलं, आपलेच डोळे गेले म्हना."

"मग हे त्यांना सांगा ना."

"सांगनं होते कुठी?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले. उतरायच्या आधी त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी बाईंना सांगणार नाही.

इकडे बाईंना वेगळंच लागलं होतं. वेणी घालताना एकदा त्या माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. त्यांना मूल झालं नाही. एकदा होईलसं वाटलं होतं, तेव्हा दोघांनी मिळून घरातल्या घरात पाळणा बनवला. दांडे भाऊंनी काढले, दोर बाईंनी ओढला. ते मूल आलं नाही. पाळणा आतल्या खोलीत टांगलेला राहिला. मग एक दिवस बाई नदीवरून आल्या तर पाळणा नव्हता. टेलरचाचांना नातू झाला होता, भाऊंनी तो त्यांच्याकडे पोचवून दिला होता. बाईंना न विचारता.

"तवापासून माह्यं तोंडच उघडलं नाई त्यायच्यासमोर," बाई म्हणाल्या. "पन दोर होता ना. दोरावर आमी बोलत होतो. आता तोई बंद केला. आता कायच्या रस्त्यानं बोलू मी त्यायच्यासंग?"

माझ्या हातातली वेणी सैल झाली. एकाचं मला ठाऊक, दुसरीचंही ठाऊक, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. भाऊंचा मला इतका राग आला की विचारू नका. हा माणूस दुसऱ्याचं भलं चोरासारखं करायचा. पाळणा घरातून हलवला तोही बाईंना त्रास नको म्हणूनच असणार, खराद बंद केली तीही बाईंना त्रास नको म्हणून, आणि दोन्ही वेळा त्रास झाला तो बाईंनाच. भाऊंना शब्द दिला नसता तर मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं असतं. त्या दिवसांत घर इतकं मुकं झालं की निरोपही येईनात. चहा झाला की बाई कप ओसरीवर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. भाऊ अंगणात बसून पोतं टाकलेल्या खरादीकडे बघत राहायचे. त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि मला वाटू लागलं की हे दोघं असेच एकेक करून विझून जातील.

अशात एका रविवारी गडचांदूरहून एक तरणा माणूस आला. सिमेंटच्या कामावर होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सागवानाचा तुकडा काखेत धरून त्यानं नेहमीचाच प्रश्न विचारला, भाऊ, खराद सुरू कराची तं काय काय लागन? भाऊंनी मफलर काढायला लावला नाही. ढलपी जिभेवर ठेवली नाही. नुसतंच विचारलं, "दोर कोन ओढन?"

"मोटर लावतो जी."

मी मनात म्हटलं, आता फाटकाकडे बोट जाणार. पण भाऊ म्हणाले, "लाव. मोटरच लाव. मोटरले खांदा नसते. तिचं दुखत नाई, अन् आपल्याले सोंग करा लागत नाई."

आत भांडी घासल्याचा आवाज चालला होता, तो थांबला. बाई राखेनं माखलेले हात तसेच घेऊन ओसरीवर आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ भाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचे डोळे चांगले आहेत?"

भाऊंनी मान खाली घातली. "चांगले आहेत."

"मंग खराद काऊन बंद केली?"

"तुहा खांदा दुखून राह्यला होता."

"मले इचारलं?"

भाऊ लुंगीच्या काठाला चुण्या घालू लागले.

"पाळणा देला तवाई नाई इचारलं."

"तू त्याच्याकडे पाहून रोज रडत होती," भाऊ म्हणाले. "मले पाहवत नव्हतं."

"मंग रडू देयाचं होतं जी. मले कुठी लपवाचं होतं? तुमी संग बसाचं होतं."

तो गडचांदूरचा माणूस सागवान छातीशी धरून आमच्याकडे बघत होता. भाऊ ओसरीवरच्या बाकड्यावर बसले होते, ते एका बाजूला सरकले. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात फिरवून धूळ झटकली.

"आता बस," ते म्हणाले.

बाई बसल्या. राखेचे हात मांडीवर ठेवून त्या रडल्या, आणि भाऊ शेजारी बसून राहिले. मी त्या माणसाला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. तो मला विचारत होता, ताई, मंग काय काय आनू? मी त्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही.

खराद पुन्हा चालली नाही. बाईंचा खांदा बरा झालाच नाही पुरता, आणि दुसऱ्या कुणाला भाऊंनी दोराला हात लावू दिला नाही. पण पुढे ते दोघं सारखे बोलायचे. दुपारी, जेवताना, कोंबड्या कोंडताना, साध्या साध्या गोष्टी, सगळी वर्षं भरून काढत असल्यासारखे. निरोप न्यायला आता मी कुणालाच नको होते. मला त्यांचा आनंद होता, आणि खोटं कशाला बोलू, भिंतीपलीकडून ते बोलणं ऐकताना मला फार एकटं वाटायचं. वर्षभरात माझी बदली झाली. नंतर कधीतरी कळलं की आधी भाऊ गेले आणि मागून बाई. मी जाऊ शकले नाही.

नाशकात मी खराद घेतली, मोटरची. धारेचा दगड आधी घेतला, पटाश्या मागून. अंगावर काही लोंबत ठेवत नाही. शिवणीवर हात बसवला, मगच सागाला हात लावला. एवढं सगळं भाऊंच्या कायद्यानं केलं, आणि माझ्या हातची लाटणी आता दोन्ही टोकांना सारखी होतात. मागच्या थंडीत माझाही उजवा खांदा धरला. मुलगा आपल्या कामात, सून तिच्या कामात. वाईट कुणीच नाही. मी रोज सकाळी तशीच कामाला बसत होते, पटाशी टेकवत होते. एकदा इतकी कळ आली की माझ्या तोंडून आवाज निघाला. मी हात आखडता घेतला आणि समोर पाहिलं. समोर भिंत होती, आणि लाकूड तसंच गरगर फिरत होतं.